सुकेळी वाळेपर्यंत

माझा डावा डोळा लग्नानंतर चार-पाच वर्षांत गेला. पहारीवर नारळ सोलत होते, सोडणाचं कुसळ उडालं आणि सरळ डोळ्यात. पावसाचे दिवस होते, भाताची लावणी चाललेली. सासूनं डोळ्यात तूप घातलं, फडकं बांधलं आणि म्हणाली, लावणी उरकू दे, मग डॉक्टरकडं जाऊ. लावणी उरकली तोवर बुबुळावर पांढरं चढलं होतं. कोणाचा दोष नाय त्यात. त्या काळात लावणी थांबवून डोळा बघायला कोण गेलं असतं? मीपण गेले नसते.

मग एका डोळ्यावरच सगळं काढलं. मालक गेले तेव्हा मुलगा रांगत होता. वाडीत पाणी घालायचं, पानवेलीची पानं खुडायची, फुलं बांधायची, टोपली डोक्यावर घेऊन आगाशीच्या बाजारात बसायचं. एक डोळा पुष्कळ झाला त्याला. कोणाकडं कधी हात पसरला नाय. सासू सांगून गेली होती, "शेजारणीकडं विस्तव मागावा, हात मागू नये." विस्तव दिल्यानं कोणाचं काही कमी होत नाय, पण हात दिले की त्या बाईचं स्वतःचं काम राहतं. मी ते धरून राहिले.

आता म्हातारपणी त्या उरलेल्या डोळ्यावर पडदा आला. आधी धूर साचल्यासारखं वाटायचं, मग दिवसाढवळ्या भिंतीला हात लावून चालायला लागले. सून मला विरारला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीण पोरगीच होती, पण बोलायला चांगली. म्हणाली, "आजी, मोतीबिंदू फार पिकलाय. आधी यायला हवं होतं. ऑपरेशन करू, पण किती दिसेल ते आत्ता नाही सांगू शकत." दुसरा डोळा असता तर मी एवढी भ्याले नसते. एक मोडलं तर दुसरं असतं. माझ्याकडं दुसरं नव्हतं.

आणि तारीख मिळाली ती नेमकी राजेळीचे घड पिकलेले त्या आठवड्यातली.

राजेळी म्हणजे आमच्याकडची लांब, जाड केळी. ती सोलून उन्हात वाळवली की त्यांची सुकेळी होतात, मधाच्या रंगाची, चिवट, गोड. पूर्वी घरोघरी व्हायची. आता विहिरींना खारं पाणी आलं, टँकर दिवसभर गोडं पाणी उपसून नेतात, राजेळीला ते सोसत नाय. आमच्या घरामागं केळीची थोडी बेटं राहिलीत, तेवढीच. वर्षाला एक माळ सुकेळी होतात, ती घरात आणि शेजारीपाजारी. त्यातली पहिली आगाशीच्या देवळात जातात, मग घरात तोंडात घालायची. सासूच्या आधीपासून हे चालत आलंय.

मी सुनेला म्हटलं, "तारीख पुढं ढकल. केळी थांबायची नायत."

सून घाटावरची, जुन्नरकडची. तिच्याकडं सासूला आत्या म्हणतात. ती म्हणाली, "आत्या, केळी पुढच्या वर्षीपण येतील. डोळा येणार आहे का?"

"वाळवणार कोण मग?"

"मी. तुम्ही खुर्चीत बसून हुकूम सोडा. एरवीपण तेच करता की."

शाळेत कारकून आहे ती. तिनं रजा टाकली. माझा मुलगा सकाळी अंधारात कामाला जातो तो दिवे लागल्यावर येतो, त्याचा काही उपयोग नाय, त्याला सुकेळी फक्त खाता येतात.

सोमवारी ऑपरेशन झालं. मंगळवारी पट्टी सोडली. मी वाट बघत होते की आता उजेड पडेल. उजेड पडला, पण नुसताच उजेड. दह्याच्या पाण्यातून बघावं तसं. दार कुठं आहे ते कळत होतं, दारात कोण आहे ते कळत नव्हतं. डॉक्टरीण म्हणाली, आत सूज आहे, थेंब घालत राहा, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, धूर नको, उन्हात जायचं नाही, डोळ्याला पाणी लागता कामा नये, जोर करायचा नाही. पुढच्या मंगळवारी या, तेव्हा कळेल.

म्हणजे केळ्यांनाही आठवडा आणि मलाही आठवडा.

बुधवारी सुनेनं केळी सोलली. अंगणात मांडव आहे, बांबूचा, कमरेएवढा, त्यावर चटई. तिच्यावर केळी ओळीनं मांडायची, एकमेकांना चिकटू द्यायची नाय. मी आत खिडकीपाशी काळा चष्मा लावून बसले. एवढ्या वर्षांत कामाच्या दिवशी दिवसा कधी बसलेलीच नव्हते. हात कुठं ठेवायचे तेच कळेना. मांडीवर ठेवले तर पाहुणी असल्यासारखं वाटायचं.

बसून काय करणार, ऐकत राहिले. आमचं घर आगाशीहून नंदाखालला जायच्या वाटेवर. सकाळी पहिला पाववाला येतो, त्याचा सायकलचा भोंगा दमेकऱ्यासारखा. मग देवळाकडची घंटा. मग विरारची बस वळणावर येते, वळायच्या आधीच हॉर्न देते, कारण वळणावर कोणी ना कोणी स्कूटर लावून भाजी घेत उभा असतो. मग ड्रायव्हर त्याची आई-बहीण काढतो आणि तो म्हणतो, "अरे दोन मिनिट रे!" रोज नवा माणूस, रोज तेच दोन मिनिट. दुपारी टँकर गेला की जमीन हादरते. पलीकडं बिल्डिंग चढतेय, तिथली बिहारी पोरं जेवणाच्या वेळी मोबाईलवर गावाकडं बोलतात, आईला विचारतात काय शिजवलं. संध्याकाळी नंदाखालच्या चर्चची घंटा. मी इथं जन्म काढला, पण हे सगळं मी असं एका जागी बसून ऐकलं नव्हतं. मी पण त्या आवाजातलाच एक आवाज होते ना, टोपली घेऊन जाणारा.

पहिल्या संध्याकाळी मी सुनेला सांगितलं, "ऊन उतरायच्या आधी केळी गोळा कर, दहिवर पडता कामा नये." तिनं गोळा केली. थोड्या वेळानं मला फ्रीजचं दार वाजलेलं ऐकू आलं. एवढ्या उशिरा कोण दूध काढतंय?

"काय करतेस गो?"

"केळी ठेवतेय. उघड्यावर मुंग्या येतील."

"फ्रीजात? अगो, काळी पडतील ती! त्यांना रात्रभर ऊब लागते. वाळलेल्या पानांत गुंडाळ, टोपलीत घाल, वरनं गोधडी टाक."

"गोधडी?" ती म्हणाली. "मला बाळंतपणात इतकं जपलं नव्हतं तुम्ही."

"तू वाळणारी नव्हतीस," मी म्हटलं.

ती एवढी हसली की टोपली खाली ठेवायला लागली तिला.

गुरुवार, शुक्रवार असे गेले. सकाळी मांडायची, दुपारी उलटायची, संध्याकाळी पानांत गुंडाळायची. मला दिसत नव्हती, पण वास यायचा. पहिल्या दिवशी पिठूळ वास, मग गुळासारखा. मी खिडकीतून सांगायची, "कडेची पुढं सरकव, तिकडं सावली आलीय." ती म्हणायची, "आत्या, तुम्हाला कसं कळलं?" मी म्हणायची, "कावळा तिकडं जाऊन बसलाय, म्हणजे सावली आहे."

पण डोळा होता तसाच. रोज सकाळी उठले की आधी खिडकीकडं बघायची. पांढरा चौकोन. त्या चौकोनात गजाची रेघ दिसते का, एवढंच मी शोधत होते. शुक्रवारी वाटलं दिसली. मग वाटलं, गज तिथं आहे हे मला ठाऊक आहे म्हणून दिसली. सुनेनं विचारलं, "कसं वाटतंय?" मी म्हटलं, "बरं आहे." थेंब घालताना तिची बोटं थंड असायची. आधी हात धुऊन यायची ना, म्हणून.

शनिवारी थेंबांची बाटली तिच्या हातून निसटली आणि तिच्याच पायाखाली येऊन फुटली. आगाशीत ते औषध मिळालं नाय. ती म्हणाली, "मी बसनं विरारला जाऊन येते, पटकन. तुम्ही जागेवरून हलू नका. केळी मी आल्यावर उलटेन."

ती गेली. थोड्या वेळानं खिडकीचा पांढरा चौकोन मळका झाला. मी म्हटलं ऊन ढगाआड गेलं असेल. माघात पाऊस कुठला? पण वारा फिरला, आणि मग घरामागच्या केळीच्या वाळक्या पानांवर आवाज आला. टप. मग परत टप.

सुकेळ्यांना पाणी लागलं की संपलं. आंबतात, बुरशी धरतात. चार दिवसांचं ऊन, सुनेची रजा, बेटांना घातलेलं वर्षभराचं पाणी. मी उठले. चौकट धरून दारात आले. मांडव समोर पंधरा-वीस पावलांवर, डोळे मिटून गेले असते मी. हात पुढं करून एक पायरी उतरले आणि एक थेंब कपाळावर पडला, चष्म्याच्या वरती. तिथंच थांबले. डोळ्याला पाणी लागता कामा नये. चटई उचलायची तर वजन, वाकायचं तर जोर. मांडवावर केळी आणि इथं माझा एकच डोळा. आणि मनात काय आलं सांगू? आलं की, डोळा कुठं दिसतोय तसाही, केळी तरी वाचव. खरंच आलं. अर्धी पायरी पुढं गेलेपण.

मग सुनेची थंड बोटं आठवली. दिवसातनं किती वेळा ती थेंब घालायची, आणि मी हे एका झटक्यात घालवायला निघालेले. मी मागं सरले, पदर डोळ्यांवर घेतला आणि दारातनं ओरडले. काय ओरडले तेपण धड आठवत नाय. "अगो, कोणी आहे का? हात द्या गो!" असंच काहीतरी. स्वतःचा आवाज मला ओळखू आला नाय.

वाटेवरनं कोळीण चालली होती. ती अर्नाळ्याची, आमच्या दारावरनं रोज जाते, मावरं विकून परत जायच्या टायमाला. ती धावत आत आली.

"काय झालं गो म्हातारे? कोन मेलं?"

"कोणी नाय मेलं! सुकेळी भिजतायत!"

"एवढ्यासाठी वरडतंस? मला वाटलं घरात साप निंगाला." बोलता बोलताच ती मांडवापाशी पोचली. "सर, बाजूला हो, तू आत जा. वालवनाचं काम मला शिकवू नको, जन्मभर बोंबील वालवलेत."

तेवढ्यात कुंपणाच्या पलीकडनं माझी शेजारीण आली. ती ख्रिस्ती, नंदाखालच्या चर्चची, माझ्याच वयाची. गुडघे गेलेत तिचे, कुंपणातनं कशी आली देव जाणे. ती आली ती आधी माझ्याकडं. "बाय, तू दारात कशाला? डोळा झाक. आत जा म्हणते ना!" मला आत ढकललं आणि मग मांडवाकडं गेली. आणि लगेच तिची किंकाळी.

"अगो बाई, पाटीत कुठं घालतेस! मावऱ्याची पाटी ती!"

"रिकामी हाय! सगले बोंबील इकले आज."

"बोंबील विकले, वास कुठं विकलास?"

"मग कुठं घालू? डोक्यावर? पानी पडतंय!"

"चटईसकट उचलायची असते!"

"तुझे गुडघे बघ आधी, मग चटई उचल!"

पाऊस म्हणाल तर आला आणि गेला, जमीनसुद्धा भिजली नाय. पण तोवर निम्मी सुकेळी पाटीत आणि निम्मी शेजारणीच्या पदरात, आणि दोघी माझ्या ओटीवर बसून दम खात एकमेकींना बोलत होत्या. मला आत बसून हसू येत होतं. शेजारीण आत आली, माझा हात हातात घेतला. म्हणाली, "इतकी वर्षं शेजारी राहतेय, तू कधी हाक मारली नाय. आज मारलीस तर वाटलं घर पडलं तुझं." मी म्हटलं, "चहा घ्या." तर कोळीण म्हणाली, "तुझ्या हातचा नको, तू गॅसजवल जाऊ नको. मीच करतंय." आणि तिनंच माझ्या घरात चहा केला. साखर भरपूर घातली.

सून आली तेव्हा ओटीवर तीन कप आणि घरभर बोंबलाचा वास. तिनं एक सुकेळं नाकाशी धरलं.

"आत्या," ती हळूच म्हणाली, "याला मासळीचा वास येतोय."

कोळीण म्हणाली, "मना तं काय वास येत नाय."

"तुला कसा येईल?" शेजारीण म्हणाली.

दोघी गेल्यावर सून म्हणाली टाकून देऊ. मी म्हटलं, "टाकायची कशाला? ऊन लागलं की जाईल बराचसा." पण संध्याकाळी दुसरीच भीती. डोळ्यातनं पाणी यायला लागलं, टोचत होतं. मी एवढी जोरात ओरडले, तो जोरच झाला असेल. एरवी मी सांगितलं नसतं, सकाळपर्यंत बघितलं असतं. त्या दिवशी सांगितलं. सुनेनं दवाखान्यात फोन लावला. तिथं म्हणाले, थेंब घाला, चोळू नका, मंगळवारी बघू. ती माझ्या शेजारी बसून राहिली. म्हणाली, "पायरी उतरला होतात ना?"

"एकच."

"मला ठाऊक होतं. पण मागं आलात ना," ती म्हणाली.

रविवार, सोमवार ऊन कडक पडलं. चर्चमधल्या मिस्साहून येताना शेजारीण मुद्दाम मांडवापाशी जाऊन वास घेऊन गेली. "निम्मा गेला," म्हणाली. सोमवारी सुकेळी झाली. आता पहिली देवळात न्यायची, तर मासळीचा वास लागलेलं देवाला कसं चालणार? सून विचारात पडली. शेजारीण म्हणाली, "देवाला काय कळतंय?" मी म्हटलं, "देवाला सगळं कळतं. ही कोणी उचलली तेपण कळतं." या वर्षी पहिली सुकेळी मी त्या दोघींना दिली, वाळक्या पानात बांधून, एकेक पुडी. देवाला नारळ पाठवला. सासू असती तर बोलली असती काहीतरी. पण तिनंपण खाल्ली असती. कोळणीनं दारातच एक तोंडात घातलं. "अगो, मस्त लागतंय! खारवलंय जरासं." मीपण खाल्लं. गोडच होतं. गिळताना मागनं जरा बोंबील आला, पण मी तो मोजत नाय.

मंगळवारी आम्ही विरारला गेलो. जाताना बसमध्ये मी कुठंच बघितलं नाय, मान खाली घालून बसले. चष्म्यातनं जे दिसत होतं ते खरं की माझ्या मनाचं, हे मला तिथं ठरवायचं नव्हतं.

डॉक्टरणीनं डोळ्यात बॅटरी मारली, मशीनला हनुवटी टेकवायला लावली आणि बघत राहिली. माझे पाय खुर्चीखाली एकमेकांवर घट्ट. मी देवाला काही मागितलं नाय. इतकी वर्षं एकावर चाललं, आता नसलं तरी कान आहेत, नाक आहे, आठवडाभर चाललंच की, असं स्वतःला सांगत होते.

"आजी, सूज उतरलीय," ती म्हणाली. "आता समोर ती अक्षरं वाचा बघू."

"अक्षरं नको ग बाय. दुसरीत शाळा सुटली माझी. दुसरं काहीतरी दाखव."

ती हसली. "बरं. समोर कोण उभं आहे?"

समोर सून उभी होती, ते मला ठाऊकच होतं. पण मी बघितलं. निळा ड्रेस, त्यावर बारीक पांढरे ठिपके. गळ्यात बारीक साखळी. भुवईच्या वर कसलातरी जुना व्रण, तो मी लग्नात बघितलेला आणि विसरलेली. आणि कानांच्या वर, दोन्ही बाजूंना, पांढरे केस. चांगले मूठभर.

"अगो," मी म्हटलं, "तू म्हातारी कधी झालीस?"

डॉक्टरीण एकदम हसायला लागली. सूनपण हसली. म्हणाली, "तुमच्या घरात आल्यावर, दुसरं कधी होणार?" आणि मग ओढणीचं टोक तोंडाशी धरून भिंतीकडं वळली. तिचे खांदे हलताना मला दिसले. ओढणीच्या काठाचा एक धागा निघाला होता, तोपण दिसला.

डॉक्टरीण म्हणाली, अगदी तरुणपणासारखं नाही दिसणार, कडेला थोडं धूसर राहील, थेंब महिनाभर घालायचे, मग चष्म्याचा नंबर देऊ. मी म्हटलं, "पोरी, तू जेवढं दिलंस तेवढं मला पुष्कळ आहे." ती म्हणाली, "मी कुठं, घरच्यांनी काळजी घेतली." ते खरंच होतं. पण मी तिच्या गालाला हात लावलाच. तिला एक छोटा तीळ होता तिथं.

परतीच्या बसला गर्दी नव्हती. सून रोज खिडकीशी बसते, तिला गाडी लागते. त्या दिवशी ती आत सरकली नाय, वाटेतच उभी राहिली आणि मला म्हणाली, "आत्या, तुम्ही बसा तिथं."

"तुला लागेल गाडी."

"लागू दे. बसा."

मी बसले. बस निघाली. माणसं, दुकानं, मग नारळ, मग कोणाच्यातरी अंगणात वाळत घातलेले कपडे, त्यात एक लाल परकर. सून मला काहीतरी विचारत होती, घरी गेल्यावर जेवायला काय करू. मी म्हटलं, "थांब जरा, मी बघतेय."